आटे नेहमीप्रमाणे

कर्नलसाहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढली, चहाची रिकामी बशी पुढे ओढली आणि तिच्यात पाच डोकी ओतली.

डोकी स्क्रूंची होती, मसुरीच्या दाण्याएवढी. बशीत ती टिकटिक वाजली आणि गप्प झाली. टेबलाभोवतीचे सगळे तिकडे असे पाहत राहिले, जणू पाचही डोकी ओळखीच्यांची होती.

"बारांपैकी पाच," कर्नलसाहेब म्हणाले. "सहाव्याला मी हात लावू दिला नाही."

पत्र पाठवूनही भागले असते. पण पायदळाच्या चाचणी समितीचा हा माणूस वाईट बातमी स्वतः घेऊन आला होता, आणि ज्याने बारा दिवस चाचणीतले हत्यार वागवले त्या हवालदारालाही सोबत घेऊन आला होता. कारखान्याच्या मालकांना, घरात सगळे ज्यांना थोरले म्हणत त्यांना, हे मनातून आवडले. बातमी मात्र सोसली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न घालता हातातच ठेवला.

खांद्यावरून डागायच्या नळीवर नेम धरण्यासाठी एक पेटी बसवतात, तिची ही गोष्ट. जुनी पेटी दीड किलोची, बुटांच्या खोक्याएवढी, आणि इतकी महाग की तीस-पस्तीस जवानांमागे एक मिळायची. थोरल्यांच्या मुलीने चार वर्षे खपून तीच पेटी साबणाच्या वडीएवढी केली होती. अंतर मोजणारा किरण, चढउताराचा हिशेब करणारी चिप, काचेत लाल ठिपका दाखवणारे भिंग, सगळे मिळून एकशे ऐंशी ग्रॅम. भिंग फोनच्या कॅमेऱ्यात असते त्या जातीचे, चिप लिफ्टच्या बटणांमागे असते तसली साधी. जुन्या एका पेटीच्या किमतीत नऊ नव्या होत. म्हणजे दर चौघांमागे एक. कुणी कुणाची वाट पाहायला नको.

या मुलीला घरात बारकी म्हणत. सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा बापाच्या तळहातावर मावली होती. आता एकतीस वर्षांची झाली, चारचौघींपेक्षा उंच झाली, तरी नाव तेच राहिले. लहान वस्तूंचे तिला वेड का, असे कुणी विचारले की आत्या म्हणायची, नावाला जागते हो पोर.

कर्नलसाहेबांनी हकिकत थोडक्यात सांगितली. नेम जुळवायचे जे लहान चाक पेटीच्या बाजूला आहे, त्याच्याखाली दहाव्या दिवशी धूळ गेली आणि चाक घट्ट फिरू लागले. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे जवानांनी चाकावरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून धूळ फुंकायला घेतली. स्क्रू सैल झाला नाही, डोके हातात आले. छावणीतल्या मिस्त्रीने करून पाहिले, त्याच्याही हातात आले. समितीचे म्हणणे पडले की वजन वाचवण्याच्या नादात धातू नको इतका हलका घेतला. संध्याकाळपर्यंत साहेबांना वर कळवायचे होते: एकतर कारखान्याने पेटी पोलादी करून द्यावी, नाहीतर चाचणीतून मागे घ्यावी.

पोलादी म्हणजे पाचशे वीस ग्रॅम आणि किंमत तिप्पट. म्हणजे पुन्हा दहा-बारांत कुणा एकाच्याच खांद्यावर, आणि बाकीच्यांनी अंदाजपंचे.

थोरल्यांनी पोलादाच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. त्यांचे बोलणे नेहमी पायरीपायरीने असे. घराण्याचे नाव, वडिलांनी घड्याळदुरुस्तीच्या एका टेबलावरून उभा केलेला हा कारखाना, बावन्न वर्षांत एकही वस्तू परत आलेली नाही, हे सगळे ओळीने आले. मग ते मुलीकडे वळले.

"हलकं करण्यालाही कुठंतरी थांबावं लागतं, बारके. जवानाच्या हातात तुटकी वस्तू जाण्यापेक्षा जड गेलेली बरी."

"स्क्रू पोलादाचाच आहे, बाबा," बारकी म्हणाली. "पेटी हलकी आहे. स्क्रू नाही."

"मग तुटला कसा?"

तिने प्रत्येक भाग ताणून, गोठवून, भाजून पाहिला होता. नळीच्या धक्क्याच्या दुप्पट धक्का दिला होता. आणि तो दाणाभर स्क्रू पोराटोरांच्या खेळण्यासारखा तुटावा? तिने नकळत काकांकडे पाहिले. पाठिंब्याची आशा होती असे नाही.

थोरल्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तिचे काका, टेबलाच्या टोकाला बसले होते. कारखान्याची लेथ गेली चाळीस वर्षे त्यांची. पहिली दोन वर्षे त्यांनी या पेटीला खेळणे म्हणून नाक मुरडले होते. मग एके दिवशी बाहेरून करून आणलेले चाक बारकीच्या हातातून घेतले, नखाने फिरवले, "हे कुणी केलं, सुताराने?" असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः करून आणून ठेवले. पुढे बाराच्या बारा चाके, स्क्रू आणि जुळणी त्यांचीच. खेळणे म्हणायचे त्यांनी सोडले नाही, पण आता नातवाला लबाड म्हणावे तसे म्हणत. त्यांचा मुलगा पायदळात होता. जुनी दीड किलोची पेटी पाठीवर घेऊन चढणाऱ्यांपैकीच एक.

पण महिन्यापूर्वी थोरल्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकले होते की धाकट्याची नजर अधू झाली आहे, वर्ष संपले की लेथ दुसऱ्या कुणाकडे द्यायची. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरते बोलत. आज काका बारकीच्या बाजूने बोलले असते, तर तो वचपा ठरला असता. म्हणून ते गप्प असावेत, असे तिला वाटले.

•

आत्याही गप्प होती, पण तिचे कारण वेगळे. रोज उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत ती बोलत नसे. हा नेम तिने एकोणीस वर्षे पाळला होता, आणि देवापुढे केलेल्या नेमाचे ती कौतुकही करू देत नसे. कागदावर लिहूनही ती काही सांगत नसे. लिहून सांगणे म्हणजे मौनाला मागचे दार ठेवणे, असे तिने दुपारी एकदा समजावले होते.

दोन्ही भावांच्या मधली ही बहीण. कारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तिच्या टेबलावरून जाई. भिंगाखाली बघायची, पसंत पडली की डाव्या ताटात, नाही पडली की उजव्या. बारकी म्हणायची, आत्या, तुझं ते उजवं ताट मला स्वप्नात दिसतं.

थोरले आणि साहेब पोलादाच्या जाडीचे बोलू लागले तेव्हा आत्याने बशी आपल्याकडे ओढली. पदराला अडकवलेले भिंग डोळ्याला लावले, चिमट्याने एक डोके उचलले. तुटलेली कड पाहिली. ओढून तुटलेला धातू जसा असतो तसा नव्हता, पिळून तुटलेला होता. म्हणजे फिरवता फिरवता, नको इतका आवळून. सैल करायला गेलेल्यांनी आवळला कसा? तिने डोके उलटे केले. मधोमध पेचकसाची खाच, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना केसासारखी बारीक एकेक रेघ.

तीन रेघा. तिला वडिलांचे टेबल आठवले. घड्याळातले काही स्क्रू उलट्या आट्यांचे, म्हणजे अंगावरची वळणे उलट दिशेची असलेले, असतात, कारण ज्या चाकावर ते बसतात ते चाक फिरताना सुलट्या स्क्रूला सैल करत जाते. उलटा स्क्रू मात्र चाक फिरेल तसा आवळत जातो. तो ओळखू यावा म्हणून डोक्यावर तीन रेघा. उलटा स्क्रू उजवीकडे फिरवला की सुटतो, डावीकडे फिरवला की आवळतो. ही तीनही भावंडे शाळेत जायच्या आधी हे शिकली होती. वडील विचारायचे, तीन रेघांचा गडी कुठे वळतो? आणि तिघे एका सुरात सांगायचे.

हे तिने पंधरा दिवसांपूर्वीच का पाहिले नाही? पाहिले होते. बाराही स्क्रू तिच्या हातून गेले होते, तीन रेघा पाहून तिला बरेच वाटले होते, आणि तिने ते डाव्या ताटात ठेवले होते. चाकावरचा स्क्रू उलटाच असायचा. त्यात बघण्यासारखे काय?

जगात सगळ्यांना ठाऊक नाही, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. सव्वा तास. आत्याने देवाचे नाव मनात घेतले आणि विचार केला, की नेम मोडून बोलावे का. मोडायला तिची ना नव्हती. कुणाचे भले होत असेल तर मोडलेला नेमही देव पदरात घेतो, अशी तिची श्रद्धा होती. पण ही गोष्ट सांगण्याचा हक्क तिचा नव्हता. तिने चिमट्याने पाचही डोकी सरळ केली, रेघा वर, सगळ्या एका दिशेने. मग बशी हळूच टेबलावरून सरकवत धाकट्या भावासमोर नेऊन ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

•

काकांना बशीतले नीट दिसले नाही. त्यांनी बोट टेकवले. बोटाला तीन रेघा लागल्या.

मग ते उठले, पाणी पिऊन येतो असे पुटपुटले आणि लेथच्या खोलीत गेले.

तिथे तेलाचा आणि गरम धातूचा ओळखीचा वास होता. खिडकीखाली लेथ, तिच्या कडेवर चाळीस वर्षांच्या कोपराने घासून गुळगुळीत झालेली जागा. भिंतीवर खिळ्याला बारकीचा आराखडा लटकत होता. चाकाच्या स्क्रूपाशी तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: आटे नेहमीप्रमाणे.

त्यांनी ते नेहमीप्रमाणेच पाडले होते. या घरात चाकावर नेहमीचे म्हणजे उलटे. पोरीच्या शाळेत, कॉलेजात, साऱ्या जगात नेहमीचे म्हणजे सुलटे. त्यांनी विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे, असे चाळीस वर्षांत कधी वाटले नव्हते. आणि कुठल्याशा माळरानावर, धुळीने डोळे चुरचुरत असताना, एखाद्या जवानाने सारे जग फिरवते तसा डावीकडे स्क्रू फिरवला, आणि तो सुटेना म्हणून आणखी जोर लावला. त्याच्या जागी त्यांचा स्वतःचा मुलगाही असू शकला असता.

आता बोलायचे म्हणजे काय बोलायचे, हेही त्यांना दिसत होते. दादा म्हणणार, पाहिलंत, महिन्यापूर्वी मी हेच सांगत होतो. लेथ आजच जाईल. आणि नाही बोलले तर? पोलादाची पेटी होईल. तुटणार नाही. कुणाला कधी कळणार नाही. फक्त आत्याला, आणि ती तर उद्याही बारापर्यंत बोलणार नाही. या विनोदावर त्यांना स्वतःचेच हसू आले आणि मग एकदम हसू थांबले.

मागल्या सुट्टीत मुलगा आला तेव्हा शर्ट बदलताना त्याचा खांदा त्यांनी पाहिला होता. पट्ट्याच्या जागी कातडी काळी पडून बैलाच्या मानेसारखी झाली होती. दुखतं का रे, असे विचारले तर म्हणाला, नाही बाबा, खांद्याला सवय झाली, गुडघे अजून कुरकुरतात.

काकांनी आराखडा खिळ्यावरून काढला.

•

दिवाणखान्यात हवालदार बोलत होता. त्याला कुणी विचारले नव्हते, पण कर्नलसाहेब त्याला अडवतही नव्हते. तो सांगत होता की चाचणीत त्याने दोन्ही पेट्या वागवल्या, सहा दिवस जुनी आणि सहा दिवस नवी. पोलादाचे बोलताय ते तीनशे-साडेतीनशे ग्रॅम इथे खुर्चीत बसून काहीच वाटत नाहीत.

"शेवटच्या चढावर, साहेब, माणसाला स्वतःचं नावसुद्धा जड वाटतं. कुणी घेतो म्हणालं तर देऊन टाकेल."

बारकी हसली. थोरलेही हसले असते, पण तेवढ्यात काका आत आले. त्यांनी साहेबांनी परत आणलेल्या, न तुटलेल्या पेट्यांपैकी एक उचलून हवालदारापुढे ठेवली, बारीक पेचकस दिला आणि सांगितले, चाकाचा स्क्रू सैल करून दाखवा. कर्नलसाहेबांनी भुवया उंचावल्या. हवालदाराने पेचकस खाचेत बसवला आणि तो मनगट डावीकडे वळवू लागला. काकांनी त्याचे मनगट धरले.

"उजवीकडे," ते म्हणाले.

हवालदाराने साहेबांकडे पाहिले, मग उजवीकडे वळवले. स्क्रू विरघळल्यासारखा सुटला.

"उलटे आटे आहेत. मी पाडलेत. तुमच्या पोरांनी आवळून आवळून तोडले, कारण मी त्यांना सांगितलंच नाही. धातूत काही खोट नाही, साहेब. माझ्यात आहे."

बारकीने काकांच्या हातातला आराखडा ओढून घेतला, त्यावरचे आपलेच अक्षर वाचले आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणू लागली की शब्द तिचा होता, नेहमीप्रमाणे हा काही मापाचा शब्द नाही, कॉलेजात असे कुणी लिहिले असते तर वही तोंडावर फेकली असती. शिवाय माहितीपत्रकही तिनेच लिहिले, सैल करावा म्हटले, कुठल्या बाजूला ते नाही. काका तिला गप्प करू लागले. आत्याने हात वर करून स्वतःच्या छातीवर ठेवला, म्हणजे बाराही नग तिने तपासून पाठवले होते. थोरल्यांनी खोल श्वास घेतला आणि सांगितले की खाली सही त्यांची आहे, तेव्हा प्रश्न मिटला.

"मी अनेक कारखाने पाहिलेत," कर्नलसाहेब म्हणाले. "दोष घ्यायला रांग लागलेली पहिल्यांदा बघतोय."

पण ते हसून थांबणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी विचारले, म्हणजे सुलटे आटे पाडले की काम झाले, असेच ना? बारकी हो म्हणणार होती. काकांनी मान हलवली. जवान नेम धरून झाला की चाक डावीकडे फिरवून शून्यावर आणतो, दिवसातून शंभरदा, आणि घाईत जोरात. सुलटा स्क्रू असता तर दरवेळी थोडा थोडा सुटत गेला असता. चाक डुगडुगले असते, ठिपका हलला असता, आणि हे कुणाला दिसलेही नसते. तुटलेला स्क्रू निदान दिसतो तरी.

"ते खरं आहे," हवालदार म्हणाला. "जुनीचं चाक मी रोज सकाळी जुळवायचो. या बारांपैकी एकीचंही शून्य हललं नाही, साहेब. मी वहीत लिहिलंय."

कर्नलसाहेबांनी वही मागून घेतली आणि बराच वेळ पाने उलटली. बारकी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. उलटा आटा बरोबर होता आणि चुकीचाही होता. सुलटा चुकीचा होता आणि बरोबरही. चार वर्षांत अशी कोंडी तिला कुठल्या यंत्राने दाखवली नव्हती. डोळ्यांनी नीट न दिसणाऱ्या माणसाने ती बोटाने दाखवली.

"तीन रेघा तुम्हाला कळतात," साहेब शेवटी म्हणाले. "थकलेल्या जवानाला नाही कळणार. आणि मी कळाव्यात अशी अपेक्षाही धरणार नाही. त्याला डावं-उजवं आठवावंच लागू नये."

यावर थोरल्यांना बोलायचे होते, पण शब्द बारकीच्या तोंडून आले, आणि तेही प्रश्न म्हणून. स्क्रू हवाच कशाला? काकांनी तिच्याकडे वळून पाहिले. मग दोघे एकदमच बोलू लागले, एकमेकांची वाक्ये तोडत, बाकीचे खोलीत आहेत हे विसरून. चाकाच्या दांड्याला बारीक खाच पाडायची. तिच्यात तारेची कडी बसवायची, पूर्ण गोल नाही, एका बाजूने उघडी, घड्याळाच्या पट्ट्यात असते तशी अंगची लवचीक. नखाने ढकलली की निघेल, दाबली की टक्‌ करून बसेल. फिरवायचे काही नाहीच, मग उलटे काय आणि सुलटे काय? बारकीने कागदावर वजन मांडले. स्क्रू आणि त्याची जाड बैठक गेल्याने पेटी सहा ग्रॅमने आणखी हलकी होत होती.

"म्हणजे चूक केली आणि वर वजनही घटवलं," थोरले म्हणाले. हे ते टोमणा म्हणून बोलले की कौतुक म्हणून, ते त्यांनाही ठरवता आले नसावे.

मग त्यांना आपले महिन्यापूर्वीचे बोलणे आठवले असावे. त्यांनी हवालदाराने सोडवलेला स्क्रू उचलला, त्याचे आटे भिंगाखाली धरले आणि बराच वेळ पाहिले. आट्यांचे एकही वळण दुसऱ्यापेक्षा खोल नव्हते. ते भावाला सगळ्यांसमोरच म्हणाले की आपले चुकले, अधू नजरेच्या माणसाला असे आटे पाडता येत नाहीत, लेथ त्याची ती त्याचीच राहील.

काकांना हेच हवे होते. गेला महिनाभर झोपेतसुद्धा त्यांनी दादांच्या तोंडून हेच वाक्य ऐकले होते. आता ते मिळाले, आणि कर्नलसाहेब, हवालदार, बहीण, पुतणी सगळे साक्षीला होते. नुसते हो म्हणायचे होते.

"नजर गेलीच आहे, दादा," ते म्हणाले. "हे आटे मी बोटांनी पाडलेत. कितवा फेरा ते कानाने मोजलं. बारा जमले, पण बाराशे जमायचे नाहीत. पहिले शंभर चांगले निघतील आणि एकशेएकावा कुणाच्या तरी हातात तुटेल."

थोरल्यांनी चष्मा शोधला, तो हातातच होता.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. घरच्या सगळ्यांनी सवयीने आत्याकडे पाहिले. तिने पाण्याचा घोट घेतला, हवालदाराला विचारले की जेवून जाणार ना, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

•

कर्नलसाहेबांनी अठरा दिवस दिले. अहवालात धातूवरचा ठपका स्वतःच्या हाताने खोडला आणि खाली लिहिले की दोष मजबुतीत नसून सूचनेत होता, निर्माते नवी जोडणी घेऊन पुन्हा येतील. निघताना हवालदाराने काकांचा मुलगा कोणत्या तुकडीत आहे ते विचारून घेतले. माझी भेट झाली तर काय सांगू, असेही विचारले. काका म्हणाले, गुडघ्यांना तेल लाव म्हणावं.

दुपारी कारखान्यात लेथ सुरू झाली तेव्हा खुर्चीवर बारकी होती. काका शेजारी उभे होते. पहिल्या दांड्याची खाच खोल गेली, दुसऱ्याची तिरकी. तिसऱ्याला काकांनी तिच्या मनगटावर नुसते बोट टेकवले, आणि पाते कुठे थांबायचे ते तिला समजले. कडी बसली. आत्याने नखाने ती काढली, बसवली, पुन्हा काढली, असे चाळीस वेळा केले आणि डाव्या ताटात ठेवली. थोरले दारात उभे राहून हे पाहत होते. वडिलांचे टेबल, स्वतःचा कारखाना, आणि आता ही पोरगी, जी मोठमोठ्या गोष्टी इतक्या लहान करते की त्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्यांना तिचा फार अभिमान वाटला आणि तो कसा बोलून दाखवायचा ते काही समजेना. मग त्यांनी जाऊन खिडकी थोडी जास्त उघडली, तिच्या हातावर उजेड यावा म्हणून.

काका आपली हत्यारे पुसून पेटीत भरू लागले. बारकीने यंत्र बंद केले.

"ती कशाला भरताय? काम संपलंय का?"

"लेथ तुझी आता. मी काय करू इथं, चहा?"

तिने टेबलाखालून कागदांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. पेटीचे सगळे आराखडे होते, एकोणसाठ पाने. ती म्हणाली की पुढे हे बाहेरच्या चार कारखान्यांत जाणार, बाराशेंचे काम एका घरात होणार नाही. तिथली माणसे या घरात वाढलेली नाहीत. म्हणून काकांनी प्रत्येक पान वाचायचे, मोठी काच घेऊन, लागेल तितका वेळ लावून. आपल्याला काय समजले ते सांगायचे नाही. जगातला कुणी अनोळखी माणूस, अंगात ताप असताना, त्याचा काय काय अर्थ लावील तेवढे सांगायचे.

"म्हणजे चुका काढायच्या."

"चुका करायच्या, काका. कागदावरच. जवानाच्या हातात जायच्या आधी."

काकांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली, पहिले पान घेतले आणि काच डोळ्याजवळ नेली. मग त्यांचे बोट चौथ्या ओळीवर थांबले.

"हे इथे लिहिलंयस, झाकण जरासं सैल ठेवावं," ते म्हणाले. "कुणाचं जरासं? तुझं, का माझं?"